प्रोसेसरच्या बॅकअप पुरवठ्याचा करंट कसा मोजावा

बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कार्यशाळा आहे. गेल्या वर्षी ऐन भाद्रपदात तिथे विहिरीच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या उपकरणांचे काही बोर्ड परत आले. माघ महिन्यात तयार झालेले हे बोर्ड पत्र्याच्या गोदामात नुसते पडून होते. प्रत्येकात सीआर२०३२ जातीचा, नाण्यासारखा चपटा नवा सेल बसवलेला होता आणि मुख्य वीज नसताना प्रोसेसरमधले घड्याळ चालू ठेवणे एवढेच त्या सेलचे काम होते. जेमतेम आठ महिन्यांत सगळे सेल संपले आणि घड्याळे शून्यावर आली. हिशेबाप्रमाणे ते सेल वर्षानुवर्षे टिकायला हवे होते. दोष कुठे आहे हे शोधताना मोजणीची जी पद्धत आम्ही बसवली, ती इथे सविस्तर लिहितो आहे, कारण मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षाव्या भागाच्या, मापात मीटर, प्रोब, केबल आणि हवेतला दमटपणा हे सगळे सर्किटचाच भाग होऊन बसतात आणि हे ध्यानात न घेता घेतलेला आकडा माणसाला भलत्याच दिशेला नेतो.

मोजायला बसण्यापूर्वी अपेक्षित आकडा कागदावर मांडावा. आमच्या बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ हा प्रोसेसर आहे. त्याच्या व्हीबॅट या पिनला १.८ ते ३.६ व्होल्टचा पुरवठा चालतो. मुख्य पुरवठा गेला की आतला स्विच घड्याळाचा भाग, बॅकअप रजिस्टरे (छोट्या स्मृती) आणि घड्याळाला ठोके देणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर या पिनवर टाकतो. ऑसिलेटर आणि घड्याळ दोन्ही चालू असताना खोलीच्या तापमानाला हा भाग ३.३ व्होल्टवर साधारण १.४ मायक्रोअँपिअर घेतो, असे डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, सांगते, आणि ८५ अंश सेल्सिअसलाही त्याची कमाल मर्यादा १.९ आहे. आता सेलकडे पाहा. सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास असते. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे १ मायक्रोअँपिअर सतत वाहिला तर वर्षाला ८.७६ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. १.४ च्या हिशेबाने सेल अठरा वर्षे पुरेल असे गणित निघते. प्रत्यक्षात सेल स्वतःच वर्षाला सुमारे एक टक्का झिजतो आणि त्याचे साठवणुकीचे आयुष्यही मर्यादित असते, तेव्हा दहा वर्षे धरली तरी पुष्कळ झाले. उलट गणित अधिक उपयोगी पडते. आठ महिने म्हणजे सुमारे ५,८०० तास. २२५ ला त्याने भागले तर जवळजवळ ३९ मायक्रोअँपिअर येतात. म्हणजे आमच्या बोर्डावर प्रोसेसरच्या गरजेच्या पंचवीसपटीहून अधिक करंट कुठेतरी जात होता. एवढी तफावत असेल तर संशय आधी प्रोसेसरवर घेऊ नये.

सेलचे व्होल्टेज मोजून त्यात किती जीव उरला आहे हे ठरवण्याची सवय सोडावी लागते. लिथियम सेलचे व्होल्टेज जवळजवळ अखेरपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहते आणि मग एकदम कोसळते. आज २.९५ दिसले म्हणून निर्धास्त होता येत नाही. करंटच मोजावा लागतो.

मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून सेलच्या मार्गात सरळ जोडणे हा सर्वांना सुचणारा मार्ग आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात. करंट मोजताना मीटर स्वतःच्या पोटातल्या रेझिस्टरमधून तो वाहू देतो आणि त्यावरचे व्होल्टेज वाचतो. चांगल्या हातमीटरांत मायक्रोअँपिअरच्या रेंजवर हा रेझिस्टर सुमारे १०० ओहमचा असतो, म्हणजे दर मायक्रोअँपिअरला १०० मायक्रोव्होल्ट पडतात. दीड मायक्रोअँपिअरपुरते हे काहीच नाही. पण हाच मीटर मुख्य पुरवठ्यात लावून प्रोसेसर झोपेत किती घेतो हे पाहायला गेलात आणि तो मध्येच जागा होऊन २० मिलिअँपिअर मागू लागला, तर १०० ओहमवर २ व्होल्ट पडतात. प्रोसेसरला १.३ व्होल्टच उरतात, तो रीसेट होतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो, आणि मीटरवर जो आकडा नाचत राहतो तो कशाचाच नसतो. तेव्हा झोप आणि जाग अशा दोन्ही अवस्था असलेल्या पुरवठ्यावर मीटरच्या दोन टोकांना समांतर एक साधा स्विच लावावा, जाग येते तेव्हा तो मिटलेला ठेवावा आणि प्रोसेसर झोपल्यावरच उघडून आकडा वाचावा. चालू मोजणीत रेंजचा खटका फिरवू नये, कारण फिरवताना क्षणभर सर्किट तुटते.

व्हीबॅटसाठी मला याहून सोपी आणि खात्रीची पद्धत आवडते. सेलच्या मार्गात आपणच एक माहितीतला रेझिस्टर घालावा आणि त्यावरचे व्होल्टेज मीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर वाचावे. १ टक्का अचूकतेचा १० किलोओहमचा रेझिस्टर घेतला तर १.४ मायक्रोअँपिअरला १४ मिलिव्होल्ट दिसतात. साध्या साडेतीन अंकी मीटरवर शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे १० नॅनोअँपिअरचा फरकही डोळ्यांना दिसतो, आणि ३ व्होल्टमधून १४ मिलिव्होल्ट गेल्याने प्रोसेसरचे काही बिघडत नाही. १० किलोओहमवर २० मायक्रोअँपिअरपर्यंतच मोजता येते, त्यामुळे गळतीचा संशय असेल तर सुरुवात १ किलोओहमने करावी. सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरांचा इनपुट रोध १ मेगाओहमच असतो, पण १० किलोओहमला तो समांतर आला तरी चूक एका टक्क्याची होते, जी इथे चालून जाते. मोजण्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून शून्य पाहावे आणि दोन-तीन अंक दिसत असतील तर ते नंतर वजा करावेत.

मात्र तोच मीटर व्होल्टमीटर म्हणून व्हीबॅट आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावून ठेवू नये. १० मेगाओहमचा मीटर ३ व्होल्टवर ०.३ मायक्रोअँपिअर पितो, म्हणजे प्रोसेसरच्या गरजेचा पाचवा हिस्सा, आणि १ मेगाओहमचा मीटर तर ३ मायक्रोअँपिअर पितो, जे प्रोसेसरच्या दुप्पट झाले. ऑसिलोस्कोपचा प्रोब एकपटीवर असेल तर तोही १ मेगाओहमचाच. एका वेळी एकच उपकरण जोडलेले असावे, आणि व्होल्टेज पाहायचेच असेल तर करंटचा आकडा लिहून झाल्यावर पाहावे.

रेझिस्टर मार्गात घालायचा कसा, हा प्रश्न बोर्ड तयार झालेला असेल तेव्हा येतो. ट्रॅक कापायची गरज नाही. पातळ कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहू देणाऱ्या चिकटपट्टीचा) नखाएवढा रुंद तुकडा घ्यावा, त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याची चिकटपट्टी लावावी आणि प्रत्येक अंगाला केसासारखी बारीक इनॅमल तार सोल्डर करावी. ही पट्टी सेलची धन बाजू आणि होल्डरची पत्ती यांच्यामध्ये सरकवली की सेलचा मार्ग त्या दोन तारांतून जाऊ लागतो; तारांच्या टोकांना रेझिस्टर लावावा आणि त्याला समांतर एक जंपर, म्हणजे काढता-घालता येणारी जोडणी. पट्टीची कड सेलच्या काठाला वळसा घालून ऋण बाजूला टेकणार नाही हे भिंगातून पाहून घ्यावे. सेल उघड्या बोटांनी धरू नये. बोटाचा घाम आणि तेल काठावर बसले की धन आणि ऋण यांच्यामध्ये गळतीची वाट तयार होते आणि ती पुढे महिनोन्‌महिने राहते. प्लास्टिकचा चिमटा वापरावा. लोखंडी चिमट्याने सेल क्षणभर शॉर्ट होतो.

क्रम असा ठेवावा. मुख्य वीज चालू असताना पट्टी सरकवावी, म्हणजे घड्याळ बंद पडत नाही. जंपर लावलेला ठेवून मुख्य वीज बंद करावी. मग पाच-दहा मिनिटे थांबावे, कारण बोर्डावरचे मोठे कपॅसिटर हळूहळू रिकामे होत असतात आणि तोवर दिसणारा आकडा अर्धवट असतो. त्यानंतर जंपर काढावा, आकडा स्थिर होऊ द्यावा आणि तो लिहावा. खोलीचे तापमानही शेजारी लिहावे. ते का, हे पुढे येईल.

मुख्य वीज बंद करणे म्हणजे फक्त अॅडॅप्टर काढणे नव्हे. बोर्डाला लागलेली प्रत्येक तार काढावी. आमच्याकडे कलाभवनातून, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या आणि आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा असलेल्या संस्थेतून, एक विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी येत होती. पहिला बोर्ड तिने लावला आणि म्हणाली, “सर, करंट तर शून्यच दाखवतोय. मग सेल संपतो कशाने?” मी टेबलाकडे पाहिले आणि म्हटले, “आधी ती सिरियलची केबल काढ बघू.” केबल निघाली आणि आकडा तत्क्षणी २४ मिलिव्होल्टवर चढला. सिरियल अॅडॅप्टरची पाठवणारी तार निष्क्रिय असताना ३.३ व्होल्टवर असते. ते व्होल्टेज पिनच्या संरक्षक डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकातून, आत शिरते, प्रोसेसरची मुख्य वाहिनी अर्धवट जिवंत राहते आणि आतला स्विच सेलकडे वळतच नाही. प्रोग्रॅमर, सेन्सर, दुसऱ्या बोर्डाकडे जाणारी आयटूसीची (दोन तारांची) जोडणी या सगळ्यांची गोष्ट हीच. शून्य किंवा उणे आकडा दिसला की सर्वप्रथम हेच तपासावे.

फार कमी आकडा दिसला तरी लगेच खूश होऊ नये. १.४ च्या जागी ०.३ दिसत असेल तर बहुधा ऑसिलेटरच थांबलेला असतो. सेल टिकेल, पण घड्याळ चालणार नाही. खात्री करण्याचा उपाय साधा आहे. मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवून मुख्य वीज बंद करावी, दहा मिनिटांनी चालू करावी आणि दहा मिनिटे पुढे गेली आहेत का ते पाहावे. ऑसिलेटरच्या त्या छोट्या क्रिस्टलच्या पायांना बोट किंवा प्रोब लावू नये, तेवढ्या भारानेही तो थांबू शकतो. जाता जाता सांगतो, या प्रोसेसरसाठी ७ पिकोफॅरड किंवा त्याहून कमी भाराचाच क्रिस्टल घ्यावा. बाजारात सहज मिळणारा १२.५ पिकोफॅरडचा वापरू नका असे डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिले आहे, तरी तो पुष्कळ बोर्डांवर दिसतो आणि थंडीच्या पहाटे सुरू न होणारी घड्याळे त्यातूनच निपजतात.

आता आमच्या २४ मिलिव्होल्टकडे येऊ. रेझिस्टर १ किलोओहमचा होता, म्हणजे ३१ अंशांच्या खोलीत बोर्ड २४ मायक्रोअँपिअर घेत होता. इथून पुढे विभागणीची पद्धत लावायची, म्हणजे सेलच्या मार्गाला लागलेला एकेक घटक वेगळा करून पुन्हा मोजायचे. आमच्या आराखड्यात व्हीबॅटच्या पिनपाशी दोन शॉट्की (पुढच्या दिशेला कमी व्होल्टेज पाडणाऱ्या जातीचे) डायोड होते, एक सेलकडून येणारा आणि दुसरा ३.३ व्होल्टच्या मुख्य वाहिनीकडून येणारा. मुख्य वीज गेली की ती वाहिनी शून्यावर येते आणि दुसऱ्या डायोडवर सेलचे ३ व्होल्ट उलटे पडतात. त्यातून जे काही गळेल ते थेट मेलेल्या वाहिनीत जाते आणि वाया जाते.

डायोड काढण्याआधीच गुन्हेगार ओळखण्याची एक युक्ती आहे. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक संशयित डायोडच्या वर बोटभर अंतरावर, न टेकवता, अर्धा मिनिट धरावे आणि नजर मीटरवर ठेवावी. आम्ही कपॅसिटरवर धरले, आकडा हलला नाही. प्रोसेसरवर धरले, दशांशात काहीतरी सरकले. त्या दुसऱ्या डायोडवर धरताच आकडा २४ वरून ३०, ४०, ५५ असा डोळ्यांसमोर चढत गेला आणि आयर्न दूर नेल्यावर तितक्याच सावकाश खाली आला. अर्धवाहकातून होणारी गळती ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होते, आणि रेझिस्टर किंवा चांगला सिरॅमिक कपॅसिटर असा वागत नाही. मग डायोडचा एक पाय उचलला. १ किलोओहमवर दीड मिलिव्होल्ट उरले. रेझिस्टर बदलून १० किलोओहमचा लावला तेव्हा १५.२, म्हणजे १.५२ मायक्रोअँपिअर. डेटाशीटला धरून. उरलेले साडेबावीस मायक्रोअँपिअर त्या एका डायोडमधून जात होते.

भिंगाखाली त्यावरचे अक्षर वाचले तेव्हा कारण कळले. आराखड्यात लहान सिग्नल शॉट्की होता. बोर्ड भरून देणाऱ्याने तो मिळाला नाही म्हणून १एन५८१९ जातीचा १ अँपिअरचा डायोड न विचारता बसवला होता. त्याच्या दृष्टीने शॉट्की तो शॉट्की, आणि वर अधिक करंटचा, म्हणजे अधिक चांगला. या बदलाचे मला फार वाईट वाटले, कारण एका फोनवर तो टळला असता. मोठ्या शॉट्कीचे जोडक्षेत्र मोठे असते आणि पुढच्या दिशेला कमी व्होल्टेज पडावे म्हणून त्याची घडणच अशी असते, की उलट्या दिशेची गळती वाढते. १एन५८१९ च्या डेटाशीटमध्ये ४० व्होल्टवर, २५ अंशांना गळतीची मर्यादा १ मिलिअँपिअर दिली आहे, तर साध्या १एन४१४८ साठी २० व्होल्टवर ती २५ नॅनोअँपिअर आहे. ३ व्होल्टवर दोन्ही आकडे याहून कमी असतात, पण त्यांच्यातले अंतर तसेच मोठे राहते. त्यात आमचे गोदाम पत्र्याचे, आणि बडोद्याचा वैशाख चाळिशी ओलांडणारा; पत्र्याखाली तर त्याहून अधिक. टेबलावरचे २४ तिथे दुपारी सहज ५० च्या घरात गेले असणार, आणि वर काढलेल्या ३९ च्या सरासरीचा मेळ इथे बसतो. मोजणीशेजारी तापमान का लिहायचे, ते हे. सकाळी एसीच्या खोलीत मोजलेला आकडा गोदामातल्या सेलचे आयुष्य सांगत नाही.

खरे तर त्या डायोडची तिथे गरजच नव्हती. मुख्य वीज असताना हा प्रोसेसर घड्याळाचा भाग आतूनच मुख्य वाहिनीवर घेतो. जुन्या एका वेगळ्या चिपच्या आराखड्यातून ती जोडी सवयीने उतरली होती, आणि ही चूक आमची. सेलकडचा डायोड मात्र ठेवावा. वीज येण्याच्या क्षणी मुख्य व्होल्टेज व्हीबॅटपेक्षा ०.६ व्होल्टने जास्त असेल तर प्रोसेसरच्या आतल्या डायोडमधून करंट उलटा सेलकडे जाऊ शकतो, आणि सीआर२०३२ चार्ज करण्यासाठी बनवलेला नाही.

डायोड निर्दोष निघाला तर पुढचा संशय कपॅसिटरवर घ्यावा. व्हीबॅटपाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक पुरतो. कुणी ‘असू द्यावा’ म्हणून १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवला असेल तर त्याची मान्य गळतीच ३ मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते, म्हणजे प्रोसेसरच्या दुप्पट. एसटीएम३२एफ४ कुटुंबात सेलचे व्होल्टेज मोजण्यासाठी आत एक विभाजक असतो. तो सॉफ्टवेअरने मोजणीपुरताच चालू करून लगेच बंद करावा, नाहीतर तोही सेलवर जगतो.

पावसाळ्यात आणखी एक प्रकरण उभे राहते आणि त्याने आमचे दोन दिवस खाल्ले. डायोड काढलेल्या बोर्डांपैकी तीन बोर्ड कोरड्या दिवशी १.५ दाखवत आणि विश्वामित्री नदीच्या बाजूने भरून आलेल्या ओल्या सकाळी २.४ किंवा २.६. हाताने सोल्डर केलेल्या होल्डरच्या पायांभोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात त्या पदार्थाचा, फिकट, किंचित चिकट थर राहिला होता. असा थर हवेतले पाणी धरतो, आणि ३ व्होल्टवर ३ मेगाओहमची वाट तयार झाली तरी १ मायक्रोअँपिअर जातो. साफ न केले तरी चालते असे ज्या फ्लक्सच्या डबीवर लिहिलेले असते, त्याच्याबाबतीतही या भागापुरते ते मानू नये. सेल काढून होल्डर, डायोड आणि क्रिस्टल यांच्याभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश फिरवावा, मळलेले अल्कोहोल तिथेच सुकू न देता टिपून घ्यावे, दुसऱ्यांदा स्वच्छ अल्कोहोलने धुवावे आणि कोमट हवेने पूर्ण वाळवावे. ओलसर बोर्ड मोजला तर आकडा आधीपेक्षा वाईट येतो आणि माणूस घाबरतो. वाळल्यावर अर्ध्या तासाने मोजावे. तिन्ही बोर्ड १.५ वर आले. त्यानंतरच त्यांवर संरक्षक लेप दिला, कारण लेप आधी दिला असता तर फ्लक्स आणि ओल दोन्ही त्याखाली कोंडली गेली असती.

लिनक्स चालवणाऱ्या मोठ्या प्रोसेसरांवर हीच मोजणी करताना अपेक्षा बदलावी. त्यांची घड्याळाची वाहिनी काही वेळा मुळातच दहा-वीसपट करंट घेते आणि बोर्डात काही दोष नसतानाही सेल वर्षभरात संपू शकतो. तिथे पीसीएफ८५६३ सारखी स्वतंत्र घड्याळाची चिप लावणे शहाणपणाचे. ती ३ व्होल्टवर साधारण ०.२५ मायक्रोअँपिअरमध्ये वेळ राखते. मोजण्याची रीत तीच, फक्त रेझिस्टर १०० किलोओहमचा घ्यावा, त्यावर २५ मिलिव्होल्ट दिसतील. पण तिथे १ मेगाओहमच्या मीटरची चूक दहा टक्क्यांच्या जवळ जाते, म्हणून १० मेगाओहमचाच मीटर वापरावा.

आता आमच्याकडे प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर मोजलेला करंट, त्या वेळचे तापमान, हवा कोरडी की दमट, आणि सेल बसवल्याची तारीख लिहिलेली असते. २ मायक्रोअँपिअरच्या वरचा बोर्ड गोदामात जात नाही, आणि जे जातात त्यांचे सेल होल्डरमध्ये असले तरी त्यांच्यावरची, मार्ग तोडून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी उपकरण विहिरीवर बसवतानाच ओढली जाते.